डॉक्टरांच्या गाडीचा अल्टरनेटर

बाबा, तो अल्टरनेटर मी जाळला नव्हता. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली आणि ही बाई अजून तेच घेऊन बसली आहे, असं तुम्ही म्हणाल. बसले आहे! परवा धाकटीच्या घरी जेवायला गेले होते. तिचा मुलगा पाहुण्यांना सांगत होता, "आजोबांच्या हातून जन्मात गाडी बिघडली नाही. एक जळली, ते पण मोठ्या मावशीनं हात लावला म्हणून." सगळे हसले. मीही हसले, बाबा, ताटात वाढलेली पुरणपोळी खात खात हसले. घरी आले आणि अंगाची आग आग झाली.

मुलगा नव्हता म्हणून तुम्ही मला गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानात नेलंत, हे मला कधी टोचलं नाही. त्याआधी घरीच स्वयंपाकघरात बसून मी डायनमोची तार भरायची. एकीकडे स्टोव्हवर वरण उकळतं आहे, दुसरीकडे मी वेढे मोजते आहे, आणि आई म्हणते, "वरणात तार सापडली तं मले बोलू नका." मग विसाव्या वर्षी सदर भागातल्या आपल्या दुकानात आले. गिऱ्हाईक माझ्याकडे बघून तुम्हाला हाक मारायचे. मी खाली मान घालून काम करायची. चार वर्षांत तुम्ही माझ्यावर अर्ध्या गाड्या सोडायला लागला होतात. फक्त एक गोष्ट सोडत नव्हता. काम कोणीही करो, गाडी दुकानातून निघायच्या आधी बॅटरीच्या तारा तुम्हीच जोडणार. तोवर बॅटरी सुटी ठेवायची. शेवटचा हात उस्तादाचा, असा आपल्या दुकानाचा कायदा होता.

धरमपेठच्या डॉक्टरांची ती दोन माणसांची, उघड्या टपाची विलायती गाडी आली तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. संध्याकाळी सीताबर्डीच्या गर्दीत गाडी हळू झाली की तिचे दिवे पिवळे पडायचे, हॉर्न दाबला की आणखी मरायचे. तुम्ही म्हणालात, डायनमो आहे, असंच राहील. डॉक्टरांच्या भावानं परदेशातून डायनमोच्या जागी बसवायला, गाडी हळू असली तरी पुरेशी वीज देणारा अल्टरनेटर आणला होता, तो त्यांनी माझ्या हातात दिला. तुम्ही नाक मुरडलंत. "त्या डब्यात काय ठेवलं आहे गा?" असं शेजारच्या पंक्चरवाल्याला विचारलंत, मला नाही.

दोन दिवस खपले मी. पट्टा सरळ धावावा म्हणून पट्टीला चार वेळा भोकं पाडली. आणि मुख्य काम केलं ते बॅटरीचं. त्या जुन्या विलायती गाड्यांत पॉझिटिव्ह तार बॉडीला जोडलेली असायची. तुम्ही चाळीस वर्षं तशीच जोडत आलात. अल्टरनेटरला मात्र निगेटिव्ह बॉडीला लागते. उलट जोडलं तर त्याच्या पोटातले डायोड जागच्या जागी जळतात. म्हणून मी तारांची टोकं बदलली, सगळं फिरवलं, गाडी सुरू करून पाहिली. दिवे असे पांढरे लागले की भर दुपारी समोरची भिंत उजळली! मग कायद्याप्रमाणे बॅटरी सुटी केली आणि मागे डबा खायला गेले.

दोन घास खाल्ले असतील, तोच वास आला. जळक्या लाखेचा. धावत आले तर तुम्ही बॅटरीपाशी उभे, हातात पेचकस. जुन्या सवयीनं पॉझिटिव्ह बॉडीला जोडताना टोक बसत नव्हतं, म्हणून तुम्ही ते फाकवून बसवलं होतं. न बसणारी वस्तू बसवताना माणूस थांबतो, बाबा! तुम्ही उलट माझ्यावरच ओरडलात, "काहून वं, अर्थिंग उलटं करून ठेवलं होतं? आंधळी झाली काय?" मी रडत रडत तुम्हाला सगळं समजावलं. अल्टरनेटर उघडून दाखवला. तुम्ही किती तरी वेळ आत बघत राहिलात. मग हळूच म्हणालात, "आता समजलं मले." एवढं तुम्ही म्हणालात. ते ऐकायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

आणि पाच वाजता डॉक्टर आले. त्यांनी विचारलं काय झालं, आणि तुम्ही, सगळं समजलेले तुम्ही, म्हणालात, "पोरीचा हात लागला, डॉक्टरसाहेब. जुनाच डायनमो बसवून देतो." मी तिथंच जवळ उभी होते, काळ्या हातांनी. डॉक्टर भले माणूस. म्हणाले, "जाऊ द्या हो, मुलगी आहे." त्यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. चाळीस वर्षांचं नाव तुमचं होतं, मान्य. माझी चारच वर्षं होती, म्हणून ती फेकून द्यायची? दुसऱ्या दिवशी मी चप्पल घालत होते, तर तुम्ही म्हणालात, "आता घरीच राहत जा. लोक बोलून राहिले." कोण बोलत होतं? तुम्हीच तर बोलला होतात! परत स्वयंपाकघर, परत तारेचे वेढे. पुढच्या उन्हाळ्यात लग्न करून दिलंत. त्यानंतर मी कुठल्याही गाडीचं बॉनेट उघडलं नाही. नवऱ्याची स्कूटर बंद पडली तरी मी फुटपाथवर उभी राहून मेकॅनिकची वाट पाहिली आहे.

हे सगळं धाकटीच्या मुलाला सांगणार होते. फोनही हातात घेतला होता. पण तो पोरगा हुशार आहे, त्यानं लगेच विचारलं असतं, "मावशी, तारा आजोबाच जोडणार हे तुला माहीत होतं ना? मग बॅटरी फिरवली हे त्यांना सांगितलं का नाहीस?"

दोन दिवस तुम्ही माझ्यापासून पाच हातांवर बसला होतात. डॉक्टरांना मी सगळं सांगितलं होतं, पंक्चरवाल्यालासुद्धा सांगितलं होतं. तुम्ही येऊन एकदा विचारावं, "काय केलं वं, मले दाखव," म्हणून मी थांबले होते. विसरले नव्हते, बाबा. मुद्दामच सांगितलं नाही.