चिकटवलेली चार पानं

प्रिय इब्राहिमचाचा,

सलाम आणि जयभीम!

तुम्ही गेल्यानंतरचा चाळिसावा दिवस झाला आणि दुसऱ्याच दिवशी तुमचा अन्वर माझ्या दारात उभा. हातात ते जुनं पुस्तक. "अब्बा सांगून गेले, हे शकूचं हाय." तीन दिवसांत मी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. म्हणून हे पत्र. आणि चाचा, मी तुमच्यावर चिडले आहे!

आठवतं ना सगळं? नवी मुंबई तेव्हा पाट्यांवरच होती. रबाळ्याच्या आमच्या औषधांच्या कारखान्यात तुम्ही टाइमकीपर, त्याआधी वीस वर्षं जहाजावर. डब्याच्या सुट्टीत पॅकिंगच्या आम्ही बायका शेडमागच्या सावलीत बसायचो आणि तुम्ही रोज पाच-सहा पानं वाचून दाखवायचात. पुस्तकाला कव्हर नव्हतं, सुरुवातीची पानं नव्हती. नाव काय, लिहिलं कोणी, तुम्हालाही ठाऊक नव्हतं.

गोष्ट एका तरुण नावाड्याची. समुद्री चाचे त्याला पकडतात आणि गलबताच्या तळाशी वल्ह्याला साखळीने बांधतात. त्याच साखळीला शेजारी एक म्हातारा, नकाशे काढणारा. पोरगा नुसता धुमसतो, पहारेकऱ्यावर थुंकतो, फटके खातो. आणि म्हातारा हळूच विचारतो, "किल्ली कुणाच्या कमरेला आहे? पहारा कधी बदलतो? मोजलंस का?"

तळवलीच्या गोदूताईला दम निघायचा नाही. "चाचा, त्या पोऱ्याला सोरवा ना आता! कवरे हाल करताव त्याचे!"

"सोडवतो गो. पन आदी त्याला शिकू तर दे!"

मला तो म्हातारा तेव्हा आवडायचा नाही. मला त्या पोऱ्याची थुंकी आवडायची! मराठवाड्यातून आलेली मी, बावीस वर्षांची, तोंडाने तिखट. बोलणं म्हणजे ओरडणं, एवढीच माझी समजूत.

मग तो दिवस आला. आमच्या चोवीस जणींत संडासला जायला पितळेचा एकच बिल्ला. भिंतीवरच्या खिळ्याला तो असेल तरच उठायचं, नसेल तर बसून राहायचं. गोदूताई सहा महिन्यांची पोटुशी. बिल्ला बाहेर होता. तिने दोनदा विचारलं, सुपरवायझरने दोनदा "थांब" म्हटलं. शेवटी ती तिथेच, टेबलाशी, सगळ्यांसमोर... साडी ओली झाली आणि तिने चेहरा पदरात लपवला.

मी बाटल्यांचा अख्खा ट्रे फेकला. सुपरवायझरच्या सात पिढ्या काढल्या. हाती काय आलं? चार्जशीट! पंधरा दिवसांनी चौकशी. नोकरी गेली असती तर बाबांच्या आजारपणात घरी चूल पेटली नसती. बिल्ला मात्र खिळ्याला तसाच!

तुम्ही शाबासकी द्याल असं मला वाटलं होतं. तुम्ही काय म्हणालात?

"राग हाय तुज्याकडं, चांगला हाय. पन तू तो फेकलास, ट्रे फेकलास तसा. आता काचा वेच."

किती लागलं होतं मला ते! आणि मग ते पंधरा दिवस. रोज सुट्टीनंतर गेटजवळच्या बाकावर तुम्ही सुपरवायझर व्हायचात आणि मी चौकशीतले प्रश्न विचारायचे. आवाज चढला की तुम्ही बोट वर करायचात. "परत. हळू. प्रश्न विचार आनि गप बस. उत्तर त्याला देऊ दे." कामगार कायद्याचं पुस्तक माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलंत. मी अडखळले की हसायचात, "जहाज बुडलं!"

त्याच दिवसांत गोष्टही टोकाला आली. पोऱ्या साखळी सोडवतो, एकट्याने पळून जात नाही, आधी साऱ्या वल्हेकऱ्यांना मोकळं करतो. आणि म्हातारा? तुम्ही वाचलंत, "म्हातारा होडीत बसून त्याची वाट पाहत होता." आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या, चाचा!

चौकशीच्या दिवशी मी तुमच्या पाया पडायला वाकले. म्हटलं, माझ्या बाजूने आत बसा ना. "नाय. आत तू एकटी. म्हातारा भायेर थांबंल."

मी आत गेले. सुपरवायझर साक्षीला समोर. मी आवाज चढू दिला नाही.

"साहेब, बिल्ले किती?"

"एक."

"बायका?"

"चोवीस."

"टेबलापासून संडास किती पावलांवर?"

"मी काय पावलं मोजत बसतो?"

"मी मोजली. जायला एकशे ऐंशी, यायला तेवढीच. तोवर तेवीस जणींनी काय करायचं?"

तो समोरचे कागद चाळू लागला. मी गप्प राहिले, तुम्ही शिकवलं होतं तशी. मग शेवटचा प्रश्न.

"तुम्हाला बिल्ला लागतो?"

"मला कशाला लागेल?"

चौकशी अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. तेव्हाच मला कळलं, आपण जिंकलो! आठवड्यात चार्जशीट मागे घेतली आणि भिंतीवरचा खिळासुद्धा उपटला गेला. गोदूताईने तो बिल्ला माझ्या हातात कोंबला आणि शेडभर अशी नाचली की तिच्या पोटाची आम्हालाच काळजी.

त्यानंतर मी किती गेटसभा गाजवल्या, तुम्ही पाहिलंत. किती वाचलं, तेही तुम्हीच आणून दिलंत. पण परवा कळलं, तुम्ही मला फसवलं होतं!

पुस्तकातली चार पानं एकमेकांना चिकटवलेली. आपल्याच लेबलांची खळ! वाफेवर धरून सोडवली. म्हातारा पळण्याच्या आदल्या दिवशीच मरतो. पोऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकून, वल्ह्यांचे ठोके मोजता मोजता. मोजणी तुटते तेव्हा पोऱ्या रडत नाही. पुढचा आकडा तो मोठ्याने म्हणतो, आणि साखळीवरचे सगळे त्याच्यामागून मोजू लागतात. होडीत कुणीच वाट पाहत नव्हतं. पान संपतं तिथे तुमची पेन्सिल: "आत्ता नको. तिची चौकशी हाय."

चाचा, का हो? मी खचेन असं वाटलं? बाहेर कुणीतरी थांबलंय या भरवशावर मी आत गेले, हे खरंच आहे. पण ती पावलं मी मोजली होती! ही गोष्ट ऐकून लोक म्हणतात, पोऱ्या मनगटाच्या जोरावर सुटला. मी प्रत्येक सभेत ठणकावून सांगते, नाही! त्याला मोजायला शिकवणारा कुणीतरी होता म्हणून सुटला, आणि म्हणूनच एकटा सुटला नाही.

सोमवारी डब्याच्या सुट्टीत ती चार पानं मी मोठ्याने वाचणार आहे, एक ओळही न गाळता. खुणेला तो बिल्ला ठेवलाय. आणि पाचवं पान मी वाचणार नाही. ते नव्या आलेल्या सर्वांत तिखट पोरीच्या हातात देईन. ती अडखळली तर बोट वर करेन. हा माझा शब्द.

तुमची,
शकू
पॅकिंग, टेबल नंबर तीन