शालूची बांधावरची अक्षरं

बाळकूम,
घटस्थापनेच्या आदल्या दिवशी

चिरंजीव राघो यास थोरल्या बहिणीचे, तुळसाचे, आशीर्वाद. तू, रतन आणि नवा नाथा बरे असाल असं धरून चालते, कारण तू कळवत तर नाहीसच. (रतनला म्हणावं, एवढ्यात थंड पाण्यात हात घालू नकोस. पण तिला सांगून उपयोग नाही, तूच पाणी तापव.) इकडे तुझे भावजी मिठागराचे बांध दुरुस्त करायला जातात आणि घरी येऊन कमरेचं गाऱ्हाणं मला सांगतात. माझी कंबर कोणी विचारत नाही, तूही विचारू नकोस.

आता कामाचं. शालूला माझ्याकडे सोडताना तू म्हणालेलास, दिवाळीपर्यंत पोर वाचायला लागली तर इथंच शाळेत राहू दे, नाहीतर नाथाला सांभाळायला शहाडला घेऊन जाईन. मला वाटलं, एवढ्याशा पोरीला वाचायला शिकवणं त्यात काय मोठं, मी स्वतः दोन यत्ता शिकलेली आहे. (तिसरीत आईनं काढलं, कारण तू झालास. तुला सांभाळायला. ते असो.) रोज दुपारी वाल सोलायला बसले की अंकलिपी पाटावर ठेवायची, मी इकडे, शालू समोर, मध्ये सूप. पुस्तकाचं तोंड माझ्याकडे, शिकवणारीला अक्षर दिसायला नको का? मी बोट ठेवून म्हणायची, ती माझ्यामागून म्हणायची. पोर हुशार निघाली (माझ्यावर गेली). गणपती येईस्तोवर मी बोट ठेवायच्या आधीच बोलायला लागली. जोडाक्षराला मी अडायची, ती नाही. मी गावभर सांगून ठेवलं आणि तिथंच चुकलं.

कारण शाळेत नाव घालायला त्र्यंबकगुरुजींकडे नेली, त्यांनी पुस्तक तिच्या हातात दिलं, आणि पोर अशी बघत राहिली की जन्मात अक्षर पाहिलं नाही. गुरुजी माझ्याकडे बघून हसले. मी तिच्या पाठीत धपाटा घालणार, तेवढ्यात तिनं पुस्तक गर्रकन फिरवलं, डोकं खाली पाय वर, आणि अख्खं पान खडाखडा वाचलं. सगळा वर्ग हसायला लागला. गुरुजी म्हणाले, "तुळसाबाई, पोर वाचते, पण उलटं." मी म्हटलं, वाचते ना? मग तुम्ही समोर बसा, तुम्हाला सुलटं दिसेल. त्यांना ते मानवलं नाही. सुलटं यायला लागलं की आणा म्हणाले. (चूक माझी नाही, पाटाची आहे. पाट एकच, त्याला मी काय करू?)

तेव्हापासून मी तिला शेजारी घेऊन बसते. पण तिचं म्हणणं वेगळंच. अक्षरांवर जी आडवी रेघ असते ना, ती तिला इतके दिवस खाली दिसायची. "आते, अक्षरां बांधावर उभी व्हती, आता बांधाखाली लोंबतान!" मी सांगितलं, अगं, दोरीवर लुगडं वाळत घालतो तसं धर. तर विचारते, मग वारा आला की हलतील काय? आता यावर दोन यत्ता शिकलेल्या बाईनं काय बोलायचं? मान वाकडी करकरून वाचते. शेजारणीनं तर मान आखडली म्हणून तेल आणून दिलं. परवा ठाण्याच्या बाजारात नेली, तर छत्रीवाल्याच्या दुकानापुढे भर रस्त्यात ओणवी झाली आणि दोन पायांमधून पाटी वाचायला लागली. माणसं जमली. पोटात कळ आली समजून एका म्हातारीनं ओवा दिला. तो मी खाल्ला, कारण कळ मलाच यायची होती. तुझे भावजी म्हणतात, तू शिकवलंस, सरळ कसं येईल? त्या दिवशी त्यांना सुका बोंबील दिला नाही.

तर राघो, दिवाळी तोंडावर आली, गुरुजी ऐकत नाहीत, आणि माझ्यानं आता होत नाही. दसरा झाला की येऊन पोरीला घेऊन जा. तिचे परकर धुऊन ठेवते.

तुझी बहीण,
तुळसा

ता. क. वरचं लिहीत होते तेव्हा शालू समोरच वाल सोलत बसलेली. "घेऊन जा" लिहून मान वर केली तर पोर मुकाट्यानं रडतेय. काय झालं गं, म्हटलं. "आते, मना नको धाडू. मी बांधाखालची पन शिकन." मी तिला यातलं एका शब्दानं सांगितलं नव्हतं. माझं अक्षर पोस्टमनला लागत नाही, तुझ्या भावजींना तर नाहीच नाही, ते तिनं समोर बसून सगळं वाचलं. (शहाडमधला ह चुकला होता म्हणाली. सुधारला आहे.) तेव्हा येऊ नकोस. कागद वाया जाईल म्हणून वरचं तसंच ठेवते, ते तू वाचलं नाहीस असं समज. तू "वाचायला लागली तर" म्हणालेलास, कुठल्या बाजूनं ते बोलला नव्हतास, तुझे भावजी साक्षीला आहेत. उद्या हाच कागद घेऊन गुरुजींकडे जाते, त्यांच्यापुढे तिला वाचायला लावते, मग टपालाच्या पेटीत टाकते. नाथाला तुम्ही दोघं सांभाळा. मी तुला सांभाळलं तेवढं पुरे झालं.

आणखी ता. क. खालची ओळ शालूची आहे. समोर बसूनच, पण बांधाखालच्या अक्षरांत लिहिली आहे, तेव्हा कागद फिरव. मान फिरवू नकोस.

बाबा ये. मना नेऊ नको.