एक हजार एक

प्रिय वीरू,

फोन तू उचलत नाहीस. मेसेजला निळ्या खुणा येतात आणि पुढं काही येत नाही, म्हणून हा कागद. काकू विट्याहून सेलमच्या ट्रॅव्हल्सनं लेकाला, म्हणजे तुला, शेंगदाण्याची चटणी पाठवतायत, त्याच पिशवीत हे पत्र सरकवतोय. चटणीसाठी तरी पिशवी उघडशील.

भाऊसोंच्या अडतीतला कॉम्प्युटर बसला. बेदाण्याच्या सौद्याच्या पट्ट्या, शेतकऱ्यांची हिशेबाची बिलं, छापायला आपण दोघांनी आपल्या दुकानातून लावून दिलेला, तोच. हार्ड डिस्क गेली. बॅकअप होता म्हणून मी निवांत होतो. नवी डिस्क, त्यावर नवं लिनक्स, त्यात बॅकअपमधल्या फाइली, अर्ध्या दिवसाचं काम. पण आपला पट्टीचा प्रोग्रॅम काही केल्या उघडेना. वाटलं, त्याला लागणारी जुनी लायब्ररी नव्या लिनक्समध्ये नसेल. ती हुडकून बसवली. मग प्रिंटरचा ड्रायव्हर काढला, पुन्हा घातला. चहा पिऊन आलो, तरी तेच उत्तर, परवानगी नाही. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, असं चाललं होतं माझं. तू असतास तर पहिल्यांदा फाइलींचे मालक तपासले असतेस. मी ते सगळ्यात शेवटी केलं.

माझ्या फाइलींसमोर माझं नाव होतं. तुझ्या फाइलींसमोर मालकाच्या जागी नुसता आकडा, १००१. नव्या डिस्कवर मी फक्त माझं खातं उघडलं होतं. वीरधवल नावाचं कुणी त्या मशीनला ठाऊकच नाही, तुझा तेवढा नंबर राहिलाय. आणि प्रोग्रॅम सगळा तुझ्या फोल्डरमध्ये, कारण सीझनभर त्या खुर्चीत तूच बसायचास. प्रत्येक फाइलीला मालक असतो आणि इथला मालक मी, असं तू पहिल्यांदा समजावलंस तेव्हा भाऊसो काय म्हणाले होते, आठवतं? ‘कॉम्प्युटर माझा, लाईटबिल माझं, आन् मालक ह्यो व्हय?’ हसता हसता तुझा चहा कीबोर्डवर सांडला होता. तो कीबोर्ड अजून तसाच आहे, स्पेसबार चिकटतो.

आता तेच भाऊसो माझ्या मागे लागलेत. ‘मोहसीन, लय डोकं चालवू नगंस. कुलपंच काढून टाक की रं, सोमवारी सौदा हाय.’ परवानग्यांची ही कुलपं काढली तर अडतीत येणारा कुणीही शेतकऱ्याची पट्टी बदलून जाईल, हे त्यांना कोण सांगणार? सुडो लावून, जोरजबरदस्तीनं एकदा चालवून पाहिला. चालला, पण छापलेली पट्टी रूटच्या, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्याच्या, नावावर गेली आणि ती बघायला पुन्हा सुडो. हे रोजचं काम नव्हे. खरा उपाय एका ओळीचा आहे, तुझ्या सगळ्या फाइली माझ्या नावावर करायच्या. ती ओळ मी किती वेळा लिहिली. बोट एंटरवर जातं आणि मी ओळ खोडतो. उठतो, रस्त्यावर येतो, बेदाण्याच्या बॉक्सचे ट्रॅक्टर बघत उभा राहतो आणि पुन्हा आत जातो. घरी अम्मी म्हणते, तुझ्या पायाला भिंगरी लागलीय का.

मामांचं ऑपरेशन आहे, त्यांचं सेलमचं गलाईचं दुकान सांभाळायला दोन महिने जातो, म्हणालास. सोनं गाळण्यातलं तुला काय कळतं म्हणून मी चिडवलंही होतं. त्यानंतर दिवाळी झाली, द्राक्षं संपत आली, रॅकवर बेदाणा वाळत पडला. रोज आपलं कॉम्प्युटरचं दुकान उघडताना मी तिथली तुझी खुर्ची पुसतो. वेडेपणा आहे, पण पुसतो.

सोमवारपासून मदिहा आपल्याकडे कामाला येतेय, आमच्या गल्लीतली, हुशार आहे. तिला अडतीतल्या त्या मशीनवर खातं द्यावं लागेल, आणि लिनक्स नव्या माणसाला पुढचा रिकामा नंबर देतं. तो एक हजार एकच आहे. तिचं खातं उघडलं की तुझं सगळं आपोआप तिचं होईल. आधी कोण होतं, हे मशीन विचारत नाही. मला मात्र विचारायचंय. काल पिशवीबद्दल बोलायला काकूंकडे गेलो, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘पाडव्याला वीरूचं सोताचं दुकान होतंय तिकडं. तुला म्हाईत असंलच की.’ मी म्हणालो, हो काकू, माहीत आहे. मला माहीत नव्हतं, वीरू. तू दुकान काढतोयस याचं वाईट वाटलं नाही. ते मला सांगायचं तुला जड गेलं, याचं फार वाटलं. म्हणशील तर तुझं खातं मी आत्ता उघडतो, नंबर तुझा राहील आणि खुर्चीही. येणार नसशील तर तो मदिहाला देतो. पण ‘येत नाही’ हे तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय माझं बोट एंटरवर पडणार नाही. रविवारपर्यंत फोन कर. काहीही म्हणालास तरी पाडव्याच्या पूजेला मी सेलमला येतोय, आणि आहेराच्या पाकिटात एक हजार एक घालून आणणार आहे.

तुझाच,
मोहसीन