शेळी, विहीर आणि पाचवीचा वर्ग

।। श्री बसवेश्वर प्रसन्न ।।
हाळवाडी, ता. उदगीर, जि. लातूर
(आधी उस्मानाबाद लिहून खोडलं. नवा जिल्हा अजून हाताला रुळला नाही.)
दि. १७ जानेवारी १९८३

ती. अक्कास,
कस्तुराचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

पिशवी एस.टी.च्या कंडक्टरकडून पोचली. रंगीत कागद सहा, खडूची पेटी एक, पाचवीचं जुनं इंग्रजी पुस्तक आणि तिळाचे लाडू. एकूण साडेसात रुपये झाले. मनिऑर्डरीचा खर्च नको, म्हणून येणाऱ्या माणसाबरोबर पाठवते. लाडवांचे तू लावलेच नाहीस, ते देवाघरी तुझ्या नावावर.

इथं टँकर दिवसाआड येतो. त्यात नवी काळजी. पाचवीत एकाही पोराला इंग्रजी येत नाही, म्हणून वर्ग तीन कोसांवरच्या शाळेला जोडायचा विचार चालला आहे. महिनाभरात साहेब तपासणीला येतील. ह्यांनी सांगून टाकलं की पोरीला एवढ्या लांब धाडणार नाही. म्हणजे आपल्या पारूची शाळा संपली. दगडोबा गुरुजी भले माणूस, पण इंग्रजीचं पुस्तक उघडलं की त्यांनाच घाम फुटतो.

म्हणून दिवा लावून झाला की बसवण्णाच्या देवळात, शाळेत शिकलेलं थोडंफार इंग्रजी आठवून, मीच पोरं बसवते. पुस्तक वाचलं तर सगळी जांभया देत बसली. मग गोष्ट रचली. तहानलेली शेळी विहिरीला पाणी मागते, विहीर म्हणते दोर आण, दोर म्हणतो हात आण. सगळं इंग्रजीतून, कागदाची शिंगं लावून. आणि आपल्या आईची रीत ठेवली आहे. ऐकणाऱ्यानं हुंकार दिल्याशिवाय सांगणाऱ्यानं पुढं जायचं नाही. फक्त हुंकार इंग्रजीत, ‘अँड देन?’

सासूबाई रोज दारात बसून ऐकतात आणि इंग्रजीनं काय रांजण भरतो का, असं विचारतात. तुझं मत कळव. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझी,
कस्तुरा

नांदेड
दि. २४ जानेवारी १९८३

चि. सौ. कस्तुरास अनेक आशीर्वाद.

पैसे मिळाले. सख्ख्या बहिणीला नया पैसा न चुकता देणारी तूच एक. देव तुझा हिशेब तपासायला बसला तर त्यालाच चूक सापडेल.

गोष्टीचं वाचून लई बरं वाटलं. पण भीती एकच, पोरं पोपटासारखी पाठ करतील. साहेबांनी एक शब्द फिरवून विचारला की बसतील गप्प. रोज गोष्टीत काहीतरी बदल कर. आज शेळी, उद्या टँकर, परवा तुझी सासू. आणि बदल पोरांनाच सुचवू दे, तू मधे तोंड घालू नकोस. लहानपणी घालायचीस, म्हणून बजावते.

पारूला मुका. घरातल्या वडीलधाऱ्यांना नमस्कार. माया अशीच राहू दे.
तुझी,
अक्का

हाळवाडी
दि. १६ फेब्रुवारी १९८३

ती. अक्कास,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

काल साहेब आले.

पारू शेळी झाली होती. पहिलं वाक्य खणखणीत म्हणाली आणि थांबली. साहेब पेन धरून बसलेले, गुरुजी खाली बघत. कुणीच काही बोलेना, पारूही बोलेना. माझ्या लक्षात आलं. पोरांना वाटलं, आज ऐकणारे साहेब, तेव्हा हुंकार त्यांचाच. आणि साहेबांना वाटलं, पोरगी विसरली. तू बजावलेलं, शिवाय साहेबांचा धाक, म्हणून मी खिडकीबाहेर ओठ दाबून उभी. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात दारातून सासूबाईंचा आवाज आला, ‘अँड देन?’ डोक्यावर रिकामी घागर, टँकरच्या रांगेतून उठून आलेल्या! त्यांना इंग्रजीचं एक अक्षर येत नाही, पण गोष्ट अडून राहिलेली त्यांना सोसत नाही. पारू अशी सुटली की विहिरीपर्यंत थांबलीच नाही. साहेबांना रीत समजली, ते हसले, आणि पुढचे सगळे हुंकार त्यांनीच दिले.

मग तू म्हणाली होतीस तेच झालं. त्यांनी गोष्ट फिरवली. विहीर कोरडी आहे आणि शेळी टँकरपाशी गेली, तर टँकरवाला काय म्हणेल, असं इंग्रजीत विचारलं. पण मागच्या रांगेतला पोरगा इंग्रजीतच म्हणाला की ढकलू नका, रांगेत उभे राहा. दुसरी म्हणाली की शेळीची घागर कुठं आहे. तिसऱ्यानं तर साहेबांनाच शेळी ठरवून नाव विचारलं! चुका होत्या, पण सगळी बोलत होती. तू सांगितल्यापासून गोष्ट रोज पोरंच फिरवायची, पण ही उत्तरं कुणी शिकवलेली नव्हती.

साहेबांनी शाळेच्या वहीत शेरा लिहिला, वर्ग इथंच राहील. गुरुजींनी डोळे पुसले. सासूबाई बाहेर बायकांना सांगत होत्या की इंग्रजी काही अवघड न्हाई, मला तर आपोआप आली. रांगेतला नंबर गेला होता, तो बायकांनी हसत त्यांना परत दिला.

रात्री जेवताना हे पारूच्या ताटात आपली भाकरी वाढून म्हणाले की हिचं सातवीनंतरचं काय, ते अक्काला विचार. नांदेडला अक्काकडं राहून हायस्कूल जमेल का. अक्का, मी ह्यातलं काही बोलले नव्हते. तीन कोसांना नको म्हणणारा माणूस! दोन वर्षं आहेत अजून, पण ह्यांनी आज सकाळी उठल्या उठल्या मला कार्ड आणून दिलं. जागा पुरेना, म्हणून दुसरंही आणलं.

तुझ्या घरी एक माणूस जास्त मावेल का, ते उलट टपाली कळव.
तुझी,
कस्तुरा