न जुळणारा तपकिरी

प्रिय खारूताई,

आधी शेवटचं सांगते, म्हणजे तू पत्र हातात धरून उभ्याउभ्या घाबरायची नाहीस. बाबा ठणठणीत आहेत. आत्ता पलीकडच्या खोलीत रेडिओवरच्या माणसाशी वाद घालताहेत आणि रेडिओवाल्याला ते कळत नाही म्हणून जिंकताहेत. तेव्हा आता बूट काढ, बस, आणि सावकाश वाच. रोज फोनवर बोलणाऱ्या आईने एकदम पत्र का लिहिलं, हे तुझ्या मनात आलंच असेल. तेही सांगणार आहे, पण माझ्या पद्धतीने, म्हणजे भरपूर वळसे घेऊन.

तुला माझी सफरचंदं आठवत असतील. निवृत्त झाल्यावर मोठ्या हौसेने चित्रकलेच्या वर्गाला जायला लागले आणि पहिली टोपली रंगवून तुला फोटो पाठवला, तर तू विचारलं होतंस की बटाट्यांना एवढा लाल उजेड कशाला दिलास. मी दोन दिवस फुगून बसले होते. पण तुझं खरं होतं. सफरचंद लाल असतं हे मला माहीत होतं, म्हणून मी लाल फासत होते. समोरच्या सफरचंदात हिरवट, करडं, जवळजवळ काळं असं काय काय होतं, तिकडे माझं लक्षच नव्हतं. आणि हे मी, जिने उभा जन्म दुसऱ्यांचे कृत्रिम दात करण्यात घालवला! लॅबमध्ये दाताचा रंग ठरवताना आम्ही कधी नुसतं बघून सांगत नसू. नमुन्यांची पट्टी खऱ्या दाताला लावून धरायची, शेजारी शेजारी. तेव्हा कळायचं की दात पांढरा म्हणतात तो मुळी पांढरा नसतोच.

वर्गातल्या बाईंना हे सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, मग चित्रातही तसंच करा की. त्यांनीच मला आरशाची युक्ती दाखवली. कॅनव्हास टेबलावर आडवा ठेवायचा. त्याच्यावर वीतभर उंचीवर, वाकवलेल्या तारेला एक लहानसा आरसा तिरका बसवायचा. वरून एक डोळा मिटून बघितलं की आरशात समोरच्या माणसाचा गाल दिसतो आणि आरशाच्या कडेला लागूनच खाली आपण लावलेला रंग. फिका पडला तर कड उठून दिसते, गडद झाला तरी दिसते. अगदी बरोबर जुळला की कड नाहीशीच होते. आरसा कुठे संपला आणि चित्र कुठे सुरू झालं हे कळेनासं होतं. पहिल्यांदा कड गेली तेव्हा मी चक्क बोट लावून बघितलं आणि आरशाला ओला रंग फासून ठेवला. घरातला आरसा याला चालत नाही, त्याची चांदी काचेच्या मागे असते, कडेला दुहेरी रेघ दिसते. दातांच्या डॉक्टरांच्या चांगल्या आरशाची चांदी पुढेच असते. तो माझ्याकडे होताच, नोकरीच्या निरोपाला मिळालेला. तू म्हणालीस, आई, ही तर कॉपी झाली. असू दे. चष्मा लावून वाचलं तर त्याला कुणी कॉपी म्हणत नाही.

तर या आरशाने मी बाबांचं चित्र करायला घेतलं. बस चालवण्यात आयुष्य गेलेला माणूस, त्यांना बसून राहायची सवय असेल असा माझा समज होता. कसलं काय! स्टिअरिंग हातात नसलं की त्यांना बसता येत नाही, हे मला लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कळलं. खुर्चीच्या पाठीला दोन उशा बांधून डोकं टेकायला खोबण केली, तर ते तिथेच घोरायला लागले. जागं ठेवावं तर बोलत सुटायचे आणि गाल हलायचे. रोज सकाळी, खिडकीत थेट ऊन येण्याआधी, पडदा एका ठरलेल्या खुणेपर्यंत ओढून आमची बैठक चालायची. आणि खरं सांगू, एवढं निरखून मी त्यांना कधीच बघितलं नव्हतं. कपाळाच्या आठ्यांमध्ये निळसर रंग असतो, नाकाच्या शेंड्याला गुलाबी, हनुवटीखाली चक्क हिरवा. कानापुढे, कल्ल्याच्या जरा खाली, त्यांचा तो तपकिरी डाग आहे ना, तू लहानपणी ज्याला बाबांचं बटण म्हणायचीस, तो जुळवायला मला पूर्ण एक सकाळ लागली. पण जुळला. कड अशी गेली की मी त्यांना उठवून चहा पाजला.

मग माझं मनगट मुरगळलं आणि चित्र भिंतीकडे तोंड करून पडून राहिलं. उन्हाळा गेला तरी मी त्याला हात लावला नाही. हात बरा झाल्यावर नुसती कॉलर राहिली होती ती पुरी करायची म्हणून पुन्हा मांडामांड केली. बाबा खोबणीत डोकं ठेवून कुरकुरत बसले. मी सहज, हात बसावा म्हणून, जुने रंग आरशाच्या कडेला धरून बघू लागले. सुरुवातीला काहीच जुळेना. ऋतू बदलला तसा उजेड बदलला होता. पडदा थोडा सरकवला आणि एकेक जागा जुळत गेली. कपाळाची कड गेली, नाकाची गेली, हनुवटीची गेली. बटणाची जाईना. चित्रातला डाग तपकिरी होता आणि आरशातला त्याच्यापेक्षा काळा. इतकंच नाही, मी जिथे डाग संपवला होता त्याच्या पलीकडेही आरशात थोडं काळं दिसत होतं, एका बाजूला ओघळल्यासारखं.

मी रंगालाच दोष दिला. तेलरंग वाळला की काही तपकिरी फिके पडतात, वर तेलाचं बोट फिरवलं की पुन्हा उठतात. तेलाचं बोट फिरवलं. उठला, पण जुळला नाही. पुन्हा कपाळ बघितलं, ते जुळत होतं. पुन्हा बटण बघितलं. मग मी ब्रश खाली ठेवला. चित्र बदललेलं नव्हतं. बाबा बदलले होते. आम्ही दोघं रोज एकमेकांसमोर बसून जेवतो, ते रोज दाढी करतात, आणि दोघांपैकी एकालाही ते दिसलं नव्हतं.

बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, वय झालं, बटणं काळी पडायचीच. मी त्यांना ओढत डॉक्टरांकडे नेलं. तिथे माझी फजिती झाली ती ऐक. डॉक्टरांना मी ठणकावून सांगितलं, डाव्या कानापाशी बघा. ते बिचारे भिंग घेऊन डावा कान पालथा घालताहेत, आत डोकावताहेत, आणि मला म्हणताहेत की काकू, इथे काहीच नाही. बाबा गंभीर चेहरा करून बसलेले, त्यांना वाटलं, सुटलो. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आरशातून काढलेलं चित्र उलटं असतं गं! डाग उजवीकडे होता, बसच्या खिडकीच्या बाजूला. मी इतका वेळ चित्रातल्या नवऱ्याकडे बघत होते की खऱ्याची बाजू विसरले. डॉक्टर हसले, उजवीकडे वळले, आणि मग त्यांचं हसू थांबलं. ते थांबलेलं हसू मी विसरणार नाही.

तो डाग काढला आणि तपासायला पाठवला. तो कॅन्सर होता. हा शब्द मी पहिल्यांदाच कागदावर लिहिते आहे. मग त्याच जागी आजूबाजूचं थोडं आणखी काढलं, पुन्हा तपासायला दिलं, आणि पुन्हा वाट बघणं आलं. त्या दिवसांत बाबा व्हिडिओवर टोपी घालून बसायचे आणि तू विचारायचीस, घरात बसून टोपी कसली, तर ते म्हणायचे, फॅशन. तुझी तिकडे परीक्षा तोंडावर होती म्हणून नाही सांगितलं. रागव, तुझा हक्क आहे. पण त्यांच्यावर नको, माझ्यावर रागव. त्या दिवसांत मी ब्रशला हात लावला नाही. भीती म्हणजे काय ते मला या वयात नव्याने कळलं. ते बाथरूममध्ये जरा जास्त वेळ गेले तरी मी दाराशी जाऊन उभी राहायचे आणि आतून गाणं ऐकू आलं की परत यायचे.

परवा रिपोर्ट आला. सगळं निघालं आहे, काढलेल्या तुकड्याच्या कडा स्वच्छ आहेत, वेळेवर आलात, आता फक्त ठरावीक महिन्यांनी दाखवत राहायचं, असं डॉक्टर म्हणाले. मला पुढचं काही ऐकूच आलं नाही. बाबांनी विचारलं, दाढी करता येईल ना? बाहेर रस्त्यावर आल्यावर आम्ही एका दुकानाच्या पायरीवर बसलो. बाबांनी दोन आइस्क्रीम आणली. मी अशी काही रडत सुटले की माझं वितळायला लागलं, तर त्यांनी तेही खाऊन टाकलं, वाया जाईल म्हणून. खारूताई, इतकं हलकं मला तू झालीस त्या दिवसानंतर वाटलं नव्हतं. घरी येऊन आम्ही दोघं भर दुपारी ढाराढूर झोपलो. चित्राची कॉलर काल पुरी केली. बाबांना चित्र फार आवडलं आहे. दाढी करताना दिसतो तसाच आहे, म्हणतात, बाकीचे लोक मला उलटं बघतात त्याला मी काय करू.

आता पत्राचं कारण. टाके काढताना डॉक्टरांनी विचारलं, मुलं आहेत का, आणि म्हणाले, अशी कातडी आणि असे डाग घराण्यात उतरतात, त्यांनाही एकदा दाखवून घ्यायला सांगा. बाबा म्हणाले, फोनवर सांगू कधीतरी. पण मी तुला ओळखून आहे. फोनवर तू म्हणशील, हो गं आई, बघते, आणि तुझी बस येईल. तुझ्या पाठीवर डाव्या खांद्याच्या खाली एक डाग आहे, जन्मापासून. तू तान्ही असताना मला तो मळ वाटला होता, मी आंघोळ घालताना साबणाने चोळून चोळून दमले होते. मग तू मोठी झालीस, दाराला कडी लावून आंघोळ करायला लागलीस, तेव्हापासून मी तो बघितलेला नाही. तुला स्वतःला तो दिसत नाही आणि तिथे तुझी पाठ बघणारं घरात कुणी नाही. तो आता केवढा आहे, कुठल्या रंगाचा आहे, हे आज या जगात कुणालाच माहीत नाही. म्हणून लिहिलं. पत्र वाचून झालं की आईला फोन करू नकोस. आधी डॉक्टरांना कर.

तुझीच, अजून नखांतला रंग न निघालेली,
आई