दीड वर्षाचा फरक

प्रिय खारुताई,

कोर्टातून तू तुझ्या अॅम्ब्युलन्सवाल्या नवऱ्याबरोबर बाहेर पडलीस, तेव्हा मी जिन्याखाली उभी होते. तुझं लक्ष गेलं नाही ते बरंच झालं. गेलं असतं तर दोघीही तिथेच रडत बसलो असतो. आज लिहिताना मात्र छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटतंय.

न्यायाधीशबाईंनी आम्हा सगळ्यांना बाहेर काढून तुला एकटीला विचारलं. तू काय बोललीस ते मला नंतर तुझ्या वकीलबाईंकडून कळलं. "मला कोणी पळवलं नाही, मी माझ्या पायांनी गेले. बाबांवर राग नाही, पण मला माझ्या घरी जायचंय." 'माझ्या घरी' ऐकून काळजात कळ आली, खोटं कशाला बोलू? मग वाटलं, एकोणिसाव्या वर्षात मला इतकं नीट बोलता आलं असतं का? मला तर कोणी विचारलंच नव्हतं.

शाळेत नाव घालताना तुझी जन्मतारीख आम्हीच दीड वर्ष पुढे ढकलली होती, नोकरीत उपयोगी पडेल म्हणून. शाळेच्या दाखल्यावर तू सतराचीच होतीस. बाबांना खरं वय पक्कं ठाऊक होतं, तरी तोच दाखला घेऊन ते पोलिसांत गेले. त्यावरून तुला अल्पवयीन ठरवून मुलींच्या सरकारी वसतिगृहात ठेवलं. मी गप्प बसले. सवयच ती. चौथ्या दिवशी मात्र भाजी आणते सांगून निघाले ती थेट नगरपालिकेत. जन्मनोंदणीचा कारकून जुनं रजिस्टर काढायला कुरकुर करत होता. म्हटलं, बाळंत मी झाले, तुम्हाला नुसतं कपाट उघडायचंय. नक्कल मिळाली, ती तडक तुझ्या वकीलबाईंच्या हातात दिली. त्या म्हणाल्या, "अठरा पूर्ण झाली की कुठे राहायचं, कुणाबरोबर राहायचं, हे तिचं तिने ठरवायचं. कायदाच आहे तसा. आपलं वयापाशीच अडलं होतं." माझं नाव तुला सांगू नका असं मीच त्यांना बजावलं होतं.

निकालाच्या संध्याकाळी बाबांना मात्र मी सगळं सांगून टाकलं. ते दुरुस्तीला आलेलं कुणाचं तरी घड्याळ उघडून बसले होते. डोळ्याचं भिंगसुद्धा काढलं नाही. पुढे आठ दिवस आमच्यात शब्द नाही. मी वाढायचं, त्यांनी जेवायचं.

काल जेवताना एकदम म्हणाले, "तिला लिही. रविवारी दोघं जेवायला या म्हणावं." मी मान हलवली. ते हात धुऊन आले आणि दारातच घुटमळले. "आणि हेही लिही, की संध्याकाळी परत निघाली तर कोणी अडवणार नाही." त्यांच्याच शब्दांत लिहिलंय. यायचं की नाही हेही तुझं तू ठरव, मी रुसणार नाही. स्वयंपाक मात्र चौघांचा करणार आहे.

तुझीच,
आई