तुझं नाव त्यांच्या घरात

माय, गेल्या आठवड्यात तो आला होता. तुझा तो. गाव त्याला माझा दूधभाऊ म्हणतं, मी मात्र मनातल्या मनात अजून 'तुझा तो' असंच म्हणते. साठी उलटली आमच्या दोघांची, उठता-बसता दोघांचेही गुडघे बोलतात, तरी तो दारात दिसला की माझ्या कपाळाला जुनीच आठी पडते. परभणीतल्या माझ्या घरात खुर्ची सोडून तो खाली फरशीवर बसला, बशीतून चहा प्याला आणि म्हणाला, "माय लय गोड करायची." मी साखर मुद्दाम बेताची घातली होती.

तो दूधभाऊ कसा झाला, ती गोष्ट मला तूच सांगितली होतीस. मी काही महिन्यांची, तुझ्या मांडीवर. धनगरवाड्यातली त्याची आई बाळंतपणातच गेली आणि त्याची आजी त्याला घोंगडीत गुंडाळून आपल्या ओसरीपुढे येऊन उभी राहिली. आत आली नाही. आपण किरिस्ताव, आपल्या घरचं पाणीसुद्धा त्या लोकांना तेव्हा चालत नव्हतं. आपली म्हातारी, तुझी सासू, तुला म्हणाली, "लेकीच्या तोंडचं काढून देऊ नगंस." आणि तू म्हणालीस, "देवानं दोन दिलेत. येक हिचं, येक त्याचं." मिस्सेच्या उपासनेला येणाऱ्या प्रत्येक नव्या फादरला गाव ही गोष्ट सांगतं आणि ऐकणाऱ्याचा ऊर भरून येतो. मी शेजारी बसलेली असते. माझा निम्मा वाटा गेला त्याचं काय, हे आजवर कुणी मला विचारलेलं नाही.

दूध सुटलं तेव्हा तरी तो त्याच्या घरी जाईल, तर तेही नाही. पुढं शाळेच्या वयात मलाच तू सिस्टरांच्या बोर्डिंगात धाडलंस. एसटीच्या खिडकीतून मी तुला बघतेय, तू पदर तोंडाला लावून उभी आहेस, आणि तुझ्या दुसऱ्या हाताचं बोट धरून तो. गाडी निघाल्यावर तुम्ही दोघं घरी गेला असाल, तू भाकरी थापली असशील, आणि चुलीपुढं माझ्या जागी कोण बसलं असेल हे मला बसमध्येच कळलं होतं. नाताळच्या सुट्टीत आले तेव्हा खरोखरच तो तिथं बसलेला, तव्यावरची पहिली भाकरी त्याच्या ताटात. मी ताट ओढलं. तू माझा हात धरलास, एवढा घट्ट की बांगडी रुतली. "ताटावरून कुनाला उठवायचं न्हाई," म्हणालीस. मी विचारलं, "कामून? घर माझं हाय का त्याचं?" तू भाकरी उलटलीस आणि म्हणालीस, "तुला तिकडं तीन टायमाला घंटा वाजवून जेवाया बोलवतेत. याला कोन बोलावतंय?" मी ताट सोडलं. राग मात्र आजही सुटलेला नाही.

तुझे दिवस त्याला मिळाले, माय. मला सुट्ट्या मिळाल्या. ज्वारी पेरायच्या आधी तू बियाण्यावर हाताने क्रूस करायचीस, हे मी एक-दोनदा पाहिलं. त्याने दरसाल पाहिलं. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन तो गंगेच्या, आपल्या गोदावरीच्या, काठाला निघाला की तू बांधापर्यंत जायचीस, त्याच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढायचीस, त्याने लावलेल्या खंडोबाच्या भंडाऱ्याच्या पिवळ्या पट्ट्यावरच. एकदा तर पुढच्या मेंढीच्या कपाळावरही काढलास. माझी पोरं उन्हाळ्यात तुझ्याकडं राहायची, संध्याकाळी लिंबाखाली तुझ्याबरोबर जपमाळ म्हणायची. परत आली की आजीच्या बरोबरीने मामाचंच पुराण. आणि ती वाकळ, तुझ्या लुगड्यांची, जी मी मागितली होती, ती तू त्याला दिलीस. "तुझ्या दवाखान्याच्या कॉटरला पक्क्या भिंती हायेत," म्हणालीस, "हा उघड्या रानात निजतोय." खरंच होतं ते. तुझं सगळं खरंच असायचं.

मी नर्स. परक्या लोकांच्या उशाशी जन्म गेला. तुला माझ्याकडं येऊन राहा म्हटलं तर "शेत कोन बघंल?" आणि तू पडलीस तेव्हा तुला दवाखान्यात घेऊन आला तो. खाटेच्या एका बाजूला तो, एका बाजूला मी. शेवटच्या दुपारी तू डोळे न उघडता "बाळा" म्हणालीस. आम्ही दोघंही एकदम "ओ" म्हणालो. कुणाला हाक मारली होतीस, हे मी त्याला कधी विचारलं नाही, त्यानेही मला विचारलं नाही. तुला माती दिली त्या दिवशी त्याने डोकं भादरलं. फादरनी ते चालवून घेतलं. लांबून आलेल्या पाव्हण्यांनी मात्र त्यालाच आधी जवळ घेतलं. मुंडण केलेला लेक ओळखू येतो, लेकीच्या अंगावर तशी खूण कुठं असते?

तर तो आला तो नातीच्या बारशाचं आवतन द्यायला. "माझ्या पोराला बहीन न्हाई," म्हणाला. "आत्या कुठून आनू? त्याची आत्या तूच. पोरीच्या कानात नाव तू सांग." मी विचारलं, काय ठेवायचं ठरलंय? त्याने तुझं नाव घेतलं. धनगराच्या घरात तुझं ते किरिस्ताव नाव. मी म्हटलं, "घरचे काय म्हणायलेत?" तो म्हणाला, "काय म्हनतेत? मायचं नाव हाय." मी कपबशी उचलून आत गेले आणि नळ सोडून उभी राहिले. मलाही दोन नाती आहेत. त्यांची नावं सुनांनी मोबाइलवर शोधली, आणि तुझं नाव सुचवावं हे माझ्या डोक्यातही आलं नाही. त्याच्या आलं.

काल बारसं झालं. पाळण्यात पोर जागी होती, काळीभोर, मुठी आवळलेली. मी वाकले. तू जिवंत होतीस तोवर तुला नावाने हाक मारायचा प्रश्नच नव्हता. तुझं नाव मी फॉर्मवर लिहिलं असेल तेवढंच. ते पहिल्यांदा माझ्या तोंडून कुणासाठी तरी निघालं. बायकांनी कुर्र करून माझ्या पाठीत धपाधप बुक्के घातले.

हा कागद मी टपालात टाकणार नाही. तुझ्या कबरीवर ठेवावा म्हटलं, तर तिथं तो माझ्या आधी जाऊन बसलेला असतो. पण एक तुला सांगायलाच हवं. त्या गलक्यात, नाव सांगून झाल्यावर, मी पोरीच्या कानाशी तशीच वाकून राहिले आणि आणखी एक वाक्य बोलले. म्हटलं, "पन ध्यानात ठेव, आधी ती माझी माय हाय."